काठी सरळ आहे का?

आमचे हे ठाण्यात खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. एकोणनव्वद-नव्वदची गोष्ट असेल. एका दुपारी ह्यांनी भरलेली गाडी माजिवड्याच्या अलीकडे कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कंडक्टरला म्हणाले, "रस्ता डावीकडे कलतोय. मी पुढे नेणार नाही."

कुणाला खरचटलंही नाही. पण डॉक्टरांनी फिट म्हटल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. 'प्यायला असेल' असं डेपोत कुणीतरी म्हणालं. ते ह्यांना फार लागलं. हे कधी थेंबाला शिवले नव्हते.

चक्कर येणाऱ्यांना नीट तपासतात म्हणून नौपाड्यातल्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रिक्षात हे म्हणाले, "आत तू काही बोलू नकोस. मी बघतो."

बाईंनी ह्यांना जाड स्पंजच्या गादीवर उभं केलं. "पाय जुळवा. डोळे मिटा." डोळे मिटताच हे मागे गेले. बाईंनी दंड धरलेला होता म्हणून वाचले. दुसऱ्या खेपेला हे पापण्या किलकिल्या करून बघायला लागले.

"डोळे उघडू नका. इथे पास-नापास नसतं."

"आमच्याकडे असतं, मॅडम," हे म्हणाले.

मग खोलीत मिट्ट अंधार केला. समोर फक्त एक बारीक उजळ काठी, बटणाने फिरणारी. ती अगदी उभी करायची. बाई ती तिरकी करत, हे परत उभी करत.

"सरळ आहे?"

"एकदम सरळ."

दिवा लावून बाईंनी शेजारी ओळंबा, गवंड्याची वजन बांधलेली दोरी, सोडला. काठी डावीकडे कललेली होती. ह्यांनी वाकून काठी आणि दोरी पुन्हा पाहिली. ह्याच डोळ्यांच्या भरवशावर ह्यांनी वर्षानुवर्षं घाटातून गाड्या काढल्या होत्या.

शेवटी आडवं निजवून कानात आधी गार, मग कोमट पाणी सोडलं. ह्यांची बुबुळं इकडून तिकडे उड्या मारायला लागली. पलंगाची कड धरलेली बोटं पांढरी पडली. मी खुर्चीवरून उठलेच.

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने ह्यांना पुसायला टॉवेल दिला. "पाण्याने डोळे असे फिरायलाच हवेत. दोन्ही कान सारखं काम करताहेत."

"म्हणजे मी फिट?"

"म्हणजे कान बरे आहेत. चक्कर कशाने येते ते ह्या तपासण्या सांगत नाहीत. ते तुम्ही सांगायचं. डोकं दुखतं?"

"नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. गाडी कायमची सुटली तर हा माणूस झुरून जाईल, हे मला दिसत होतं. पण त्या गाडीत माणसं भरलेली होती, तेही डोळ्यांसमोरून हलेना.

"दुखतं," मी म्हणाले. "उजवी बाजू. महिन्यातून दोन-तीनदा. खिडक्या लावून पडून राहतात, भांड्याचा आवाजही सोसत नाही. आम्ही पित्त म्हणतो. सासूबाईंनाही होतं."

ह्यांनी मान वळवली नाही.

"चक्कर त्याच दिवशी येते?" बाईंनी ह्यांनाच विचारलं.

ह्यांनी टॉवेलची घडी घातली. मग हे हळू आवाजात म्हणाले, "कधी त्याच दिवशी. कधी नुसतीच. माजिवड्याला गाडी थांबवली त्या दिवशी सकाळपासून ठणकत होतं."

अर्धशिशीचीच चक्कर, बाई म्हणाल्या. रोजची गोळी, वेळेवर जेवण, जागरण बंद, आणि गादीवर डोळे मिटून उभं राहायचा सराव.

त्यानंतर आठवडाभर हे माझ्याशी बोलले नाहीत. एका सकाळी सराव करताना तोल जायला लागला तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "धर गं जरा." मी कोपर धरलं.

वर्षभर हे स्टँडवर गाड्यांच्या घोषणा देत होते. चक्कर यायची थांबली, पुन्हा तपासणी झाली, आणि दिवसाचीच ड्यूटी मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम ह्यांच्या भिवंडीच्या गाडीत बसले. खाडीच्या पुलावर मी समोरचा दांडा दोन्ही हातांनी आवळला. ह्यांनी आरशातून पाहिलं. मी भिवंडीला उतरले तेव्हा माझे तळवे घामाने ओले होते.