बाही वर करा, शेठ

प्रल्हाद गजभिये यांनी मला फसवलं. घाईगर्दीत नाही, आरामात, चहा पाजून फसवलं. नागपूरच्या गांधीबागेत, बाजारात कापडाचे गठ्ठे उचलण्यापासून सुरुवात करून आज मी दवाखान्यांना रसायनं पुरवतो. सगळ्या घाऊक बाजाराला जे जमलं नाही ते या माणसानं करून दाखवलं आणि वर म्हणाला, "राग नका मानू जी."

प्रल्हादभाऊ एका मोठ्या दवाखान्याच्या संशोधन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. त्यांच्या ताब्यात फ्लो सायटोमीटर नावाचं मशीन होतं. रक्तात रंगीत रसायन मिसळून नळी मशीनला लावायची. मग एकेक पेशी ओळीनं लेझरच्या उजेडासमोरून जाते आणि प्रत्येकीचा एक ठिपका पडद्यावर उमटतो. ठिपक्यांचे ढग बनतात आणि त्यावरून डॉक्टर रक्ताचा आजार ओळखतात. भाऊंना त्या ढगांत नागपूरच दिसायचं. खालचा आटोपशीर पुंजका म्हणजे धरमपेठ. वरचा पसरलेला, दाटीवाटीचा, तो गांधीबाग. "पाहा शेठ, तुमच्या गांधीबागेत पाय ठेवाले जागा नाही," असं ते मला पडद्यावर बोट ठेवून सांगत.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नावही विचारलं नाही. मी आणलेल्या पेटीत हात घालून बर्फ दाबून पाहिला आणि म्हणाले, "माल चांगला आहे. आता बाही वर करा."

"काहून?"

"रक्त पायजे. आजाऱ्याच्या नळीसंगं एक चांगल्या माणसाची नळी लावा लागते. नाहीतर मशीन खरं बोलून राहिली का खोटं, मले कसं समजन?"

कामाची रीतच तशी होती. पण भाऊंच्या त्या रीतीमुळे अख्खा मजला हैराण होता. ते हातात कापूस घेऊन बाहेर आले की कारकून फोन कानाला लावत आणि चौकीदार दुसऱ्या जिन्यानं उतरत. मीही सुईला सहजासहजी हात देणारा नव्हतो. म्हटलं, रक्त देतो, पण पुढची ऑर्डर माझी. ते म्हणाले, "रक्तावर चहा भेटते. मशीन भाव करत नाही, शेठ, मी पण नाही." शेवटी एका बिस्किटाच्या पुड्यावर सौदा पटला. संमतीच्या कागदावर सही केली, बाही वर केली. त्यांनी नळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: नॉर्मल.

पुढे माल घेऊन गेलो की हेच. स्वतः भाऊ मात्र कधी रक्त देत नसत. विचारलं की म्हणायचे, "माझे हात गुंतले आहे ना जी." खरं कारण मला लवकरच कळलं. दुसऱ्याच्या दंडात सुई बिनधास्त खुपसणारा हा गृहस्थ स्वतःच्या दंडाकडे सुई आली की पांढरा पडायचा. एकदा टिटॅनसच्या इंजेक्शनासाठी त्यांना दोघांनी धरून नेलं होतं, तेव्हा मी दारातून पोटभर हसून घेतलं.

घरी मी अभिमानानं सांगितलं की दवाखान्यात माझी नळी नॉर्मल म्हणून लागते. बायको म्हणाली, "तुम्ही? आणि नॉर्मल? मशीन तपासून घ्या म्हणावं." माझा राग घरात, बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या एका खोलीत मी नमुन्याचा माणूस होतो, आणि ते मला आवडायचं.

मग एके दिवशी मी सवयीनं बाही वर केली तर भाऊ म्हणाले, "आज नको." पुढच्या खेपेलाही नको. खुर्चीत कॅन्टीनवाला दंड दाबत बसलेला, आणि माझं बिस्किट खात होता! माझं डोकं फिरलं.

"माझ्या रक्तात पाणी आहे का, भाऊ?"

"तसं नाही जी. मशीन बंद आहे."

त्यांच्या पाठीमागे मशीन घुरघुरत होतं. भाऊंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. खोटं बोलताना हा माणूस हमखास चष्मा पुसतो. रजेचं कारण सांगताना पुसायचा, साहेबांच्या कवितेला चांगलं म्हणताना पुसायचा. मला वाटलं, दुसऱ्या कोणा पुरवठादारानं माझी जागा घेतली. चांगलाच आवाज चढवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "खाली रक्तविकाराच्या मॅडम आहे ना, त्यायले मोठी खरेदी करायची आहे. तुमचंच नाव सांगतलं मी. उद्या जा. खाली पोटी नका जाऊ."

मी इस्त्रीचा शर्ट घालून, भावपत्रक घेऊन गेलो. रुग्णांच्या रांगेत बसवलं तरी काही बोललो नाही. मोठ्या ऑर्डरसाठी माणूस बसतो. मॅडमनी माझं सगळं ऐकलं. मग विचारलं, वजन कमी झालं का, ताप येतो का. मला वाटलं, बाई घासाघीस करायच्या आधी गोड बोलताहेत. मग त्या उठल्या आणि माझी मान दोन्ही बाजूंनी चाचपू लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, मान दाबून भाव कमी होत नसतो."

त्या हसल्या. मग समोर बसून त्यांनी नीट सांगितलं. माझ्या नॉर्मल नळीत भाऊंना काही वेगळं दिसलं होतं. त्यांनी ते लगेच मॅडमना दाखवलं होतं. रक्ताचा कर्करोग, पण फार हळू चालणारा, आणि अगदी सुरुवात. आज औषध नाही, फक्त ठरावीक काळानं पाहत राहायचं.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. भाऊंच्या टेबलावर हात आपटला. "मला सरळ का नाही सांगितलं?"

"आजार सांगायचं काम डॉक्टरचं आहे, माझं नाही. अन् डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर तुम्ही भाव केला असता. ऑर्डर म्हटलं का तुम्ही धावत जाता." मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे पाहा. धरमपेठेत घरोघरी येगळे लोक पायजे. तुमच्या रक्तातल्या धरमपेठेत एकाच खानदानाचे जास्त होऊन राहिले. भांडण नाही करून राहिले अजून. आपण लक्ष ठेवू."

त्यानंतर माझी नळी तेच लावत. नॉर्मलची नव्हे, पेशंटची. अहवाल टाइप होण्याआधी मी मॅडमकडे बसलेला असायचो. मॅडमनी होकार दिला की भाऊ जिन्यातून ओरडायचे, "धरमपेठ शांत आहे, शेठ!" त्या ओरडण्यावर मी पुढची तपासणी येईपर्यंत निवांत झोपायचो.

आणि हा माणूस मला न सांगता निवृत्त झाला. मुलगा वीज केंद्रात आहे, त्याच्याकडे खापरखेड्याला निघून गेला. आता एक हुशार मुलगी मशीन चालवते. चांगलं चालवते, पण ओरडत नाही.

परवा मी अहवाल घेऊन थेट खापरखेडा गाठलं. भाऊंनी कागद वाचला, म्हणाले, "शांत आहे." पण आवाज जिन्यातला नव्हता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. चहा अर्धा राहिला. वहिनी आतून म्हणाल्या, "जेवतच नाही हे बराबर. दोन पायऱ्या चढले का बसते. तुम्हीच सांगा आता यायले."

मी म्हटलं, "भाऊ, बाही वर करा."

"काहून? ऊन लागलं असन जी, बाकी मी एकदम नॉर्मल आहे."

आणि त्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

सोमवारी मी गाडी घेऊन जातो आहे. सांगणार आहे की मशीन अडलं आहे, नव्या पोरीला जमत नाही, तुमच्याशिवाय होणार नाही. मशीनचं नाव काढलं की ते चप्पल न घालता निघतील. खाली मॅडमशी बोलून ठेवलं आहे. वर धरायला दोन माणसं सांगितली आहेत आणि बिस्किटाचा पुडा घेतला आहे. माझ्या पेशींचा हिशेब मागणाऱ्या प्रल्हाद गजभियेंनी आता स्वतःचा द्यावा. चष्मा काहून पुसला, भाऊ? याचं उत्तर घेतल्याशिवाय मी त्यांना त्या खुर्चीतून उठू देणार नाही.