उजव्या पायाचे मामा

कंदाहारच्या वाटेवर इंग्रज सरकारला अफगाणांनी जेवढा त्रास दिला, त्याहून काकणभर जास्तच आमच्या मामांनी दिला, आणि तोसुद्धा सरकारच्या बाजूने लढून. हे मी थट्टेने म्हणत नाही. मामा स्वतःच ओटीवर बसून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात हे सांगत.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. राहणार कल्याण. अंगाने काटकुळे, मिशी मात्र सुभेदाराच्या तोंडावर शोभावी अशी. पलटणीत भरती होऊन निघाले, तेव्हा आजीने त्यांच्या हातावर दही ठेवलं आणि बजावलं, "कुठंही निघालास तरी उजवा पाय आधी टाक. माझी शपथ आहे तुला." आता कोणती आई हे सांगत नाही हो? बाकीची पोरं वेशीबाहेर पडली की विसरतात. मामा विसरले नाहीत. आणि पलटणीत तर हुकूम सुटला की पहिला पाय डावा! झालं. ऐंशी माणसं डावा पाय उचलायची आणि आमचे मामा एकटे उजवा.

हवालदार पहिल्या दिवशी ओरडला, दुसऱ्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडला, तिसऱ्या दिवशी मात्र रडकुंडीला आला. म्हणाला, "अरे, अख्खी पलटण चुकते आणि तू एकटा बरोबर का रे?" मामांनी नम्रपणे उत्तर दिलं, "तसं नाही हवालदारसाहेब. त्यांच्या आयांनी सांगितलं नसेल."

रांगेत मामांच्या शेजारी माजिवड्याचा गणू असायचा. दोघांची एका शिदोरीतली मैत्री. मामांचं पाऊल चुकलं की पहिली लाथ गणूला बसायची, आणि तो पठ्ठ्या हसून म्हणायचा, "गड्या, आज जरा हळू लागली." मोठे साहेब पाहणीला आले त्या दिवशी मामांचा उजवा पाय गणूच्या पायात अडकला, गणू पुढच्यावर, पुढचा त्याच्या पुढच्यावर, आणि साहेबाच्या घोड्यासमोर निम्मी रांग लोटांगण घालून मोकळी झाली. गणू धूळ झटकत आधी उठला. "माझा पाय अडकला साहेब," म्हणाला. पण हवालदार काय दूधखुळा होता? मामांची रवानगी त्याच दिवशी मागे खेचरांकडे झाली. मामा हात जोडून म्हणाले, "फटके मारा, उपाशी ठेवा, पण मला गणूच्या बाजूने काढू नका." कोण ऐकतो!

खेचरांना मामा अहो-जाहो करीत. एक खेचर जागचं हलेना, तेव्हा मामांना वाटलं की याचंही पाऊल चुकतंय. म्हणून त्यांनी वाकून त्याचा उजवा खूर दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद पुढे ठेवला. खेचराने मागच्या दोन्ही पायांनी आपलं मत सांगितलं. पुढे आठ दिवस मामा पालथे झोपत होते. आणखी एकदा साहेबाचं अंघोळीचं पिंप पाठीवर घेऊन एक खेचर थेट शत्रूच्या मुलखात पळालं. मामा बंदूक विसरून त्याच्या मागे धावले आणि संध्याकाळी खेचर, पिंप आणि पदराला बांधल्यासारखी फेट्यात बांधलेली तुती घेऊन परत आले. शत्रू कसा होता, असं सगळ्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "म्हातारा होता बिचारा. तुती त्यानेच दिली. त्यालाही पायाचं दुखणं आहे."

एवढं मामा आळीला सांगत आणि आळी पोट धरून हसे. पुढचं त्यांनी मला एकट्याला सांगितलं, तेही एकदाच. गणूशिवाय त्यांना करमेना. शेवटी त्यांनी मनातल्या मनात आजीची माफी मागितली आणि खेचरांच्या मागे, कोणी बघत नाही असं पाहून, डावा पाय आधी टाकायची सवय केली. महिना लागला. जमलं तसे धावत हवालदाराकडे गेले आणि चालून दाखवलं. हवालदार खूश झाला. पाठ थोपटून म्हणाला, "शाब्बास! उद्या सकाळी खिंडीत जायचंय, तेवढं होऊ दे. परवापासून रांगेत ये." परवा रांगच उरली नाही. खिंडीत गेलेल्यांपैकी एकही माणूस परत आला नाही, गणू नाही आणि हवालदारही नाही. मामा टेकडीमागे खेचरांचे लगाम धरून उभे होते.

मामा सुखरूप घरी आले. आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, गल्लीभर साखर वाटली आणि आपल्या शपथेनेच पोर वाचलं असं ज्याला त्याला सांगितलं. मामा मान डोलवत. पण माजिवड्याला जायचं त्यांना वर्षभर धाडस झालं नाही. शेवटी मला म्हणाले, "तू चल रे सोबत." ठाण्याला आगगाडीतून उतरून आम्ही चालत गेलो. गणूची आई अंगणात भात वाळत घालत होती. मामांनी गणूच्या पलटणीतला म्हणून ओळख सांगितली, तेव्हा तिने त्यांना बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, आणि ती समोर येऊन बसली.

मग म्हणाली, "माज्या गणूच्या बाजूला तूच होतास ना रे?"

मामांनी तांब्या खाली ठेवला. "होतो ना आई. शेवटपर्यंत. पावलाला पाऊल लावून."

"मग एकटा नव्हता माजा पोर," ती म्हणाली, आणि मामांच्या तोंडावरून हात फिरवून तिने बोटं कानशिलावर मोडली.

परतताना मामांनी अंगणाबाहेर डावा पाय आधी टाकला आणि ठाण्याच्या स्टेशनापर्यंत ते पलटणीच्या चालीनेच चालत गेले.