केशर, ग्रहण आणि तात्यांचा कान

आमच्या घरात किस्से साठतात, कारण कुणी कुणाला सरळ काही विचारत नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, विषय मिटला असता. न विचारल्यामुळं त्याचा किस्सा होतो आणि पुढच्या प्रत्येक बारशाला तो मीठमसाला लावून वाढला जातो.

घर निपाणीजवळच्या एका खेड्यात. माझ्या आईचं माहेर तेच आणि माझं सासरही तेच! म्हणजे मी मामाच्याच मुलाशी, संतोषशी, लग्न केलं. आता आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो आणि मी एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा माझा विशेष आवडीचा. हे आधीच सांगून टाकते. नंतर तुम्ही हसाल, तेव्हा मला जरा कमी लागेल.

*

आर्वीच्या वेळी मला सातवा महिना होता. मामी, म्हणजे माझी सासू, रोज केशर घातलेलं दूध घेऊन समोर उभी.

"नात गोरी पायजे बाई. संतोषवर गेली तर आमच्या जिवाला घोर!"

केशराचा आणि कातडीच्या रंगाचा काडीचा संबंध नाही, हे मला माहीत होतं. पण वाद कशाला, म्हणून प्याले. खरं सांगू? थोडी आशाही होती.

आर्वी झाली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. कातडी अशी, की खालच्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. मामीनं बराच वेळ बघितलं, मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "दिवसातनं किती डाव पीत हुतीस गं तू?"

*

सव्वा महिन्याची झाल्यावर आर्वीला घेऊन गावी गेले. मामीनं तेल लावून, न्हाऊ घालून तिला अंगणात कोवळ्या उन्हात झोपवलं. सगळ्याच बाळांना झोपवतात. मलाही झोपवलं होतं. मी आत कुंची शोधत होते.

संध्याकाळी पोरीचे खांदे लालभडक. सकाळी फोड. मामी रडायलाच लागली. "एवढ्याशा उन्हानं कुणाची कातडी जाती का गं कुटं?"

"माझी जाती की," दारातनं तात्या म्हणाले.

तात्या म्हणजे मामांचे आणि आईचे धाकटे भाऊ. त्यांचेही केस जन्मापासून पांढरे, डोळे कायम मिचमिचे. गाव त्यांना 'इंग्रज' म्हणतं. आजीनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून तात्या असे झाले, हे ऐकतच मी वाढले. सुट्टीत त्यांच्याच खांद्यावर बसून गावभर हिंडले.

तात्या 'माझी' म्हणाले, त्या क्षणी मला काय ते सगळं कळलं. आवडीचा धडा ना! पण मी कुंचीची नाडी बांधत बसले.

*

तात्यांची शाळा चौथीत सुटली. फळ्यावरचं दिसत नव्हतं, आणि पहिल्या बाकावर बसवावं हे कुणाला सुचलं नाही. आजोबांनी त्यांना रानात नेलं. आमच्याकडं तंबाखू कापून रानातच उन्हात वाळवतात आणि तो सारखा पालटावा लागतो.

"ह्या कामाला डोळं लागत न्हाईत," आजोबा म्हणाले. "नुसतं उन्हात हुबं ऱ्हायाचं!"

हा किस्सा घरात अजून हसत सांगतात. सगळ्यात जास्त तात्या हसतात.

*

आर्वी दोन वर्षांची असताना तिला बेळगावात त्वचेच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. मी, संतोष, मामा, मामी. तात्याही आलते. त्यांच्या कानावरची जखम वर्षभर भरत नव्हती. हळद लावून झाली होती, पाला बांधून झाला होता. 'जातोयच तर तू बी दावून घे' म्हणून गाडीत घेतलेलं. आर्वी तपासताना फार रडली, म्हणून तात्या तिला घेऊन बाहेर बाकावर बसले.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे?"

"न्हाय," मामा म्हणाले.

"कुनालाच न्हाय," मामी म्हणाली.

संतोषनं मान हलवली. मी माझ्या चपलांकडं बघत होते. मामांना परक्या बाईसमोर खोटं कसं पाडायचं?

डॉक्टर कुणाला तरी हाक मारायला म्हणून दाराशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. बाकावर दोघं शेजारी बसलेली. दोघांची डोकी पांढरीशुभ्र, दोघंही ट्यूबलाइटकडं सारखेच डोळे मिचकावत बिस्किट खात होती.

"ते कोण?"

"त्यो व्हय?" मामा म्हणाले. "त्यो ग्रहणाचा!"

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची ओढून समजावत बसल्या. कातडीला रंग देणारं द्रव्य या दोघांच्या अंगात जवळजवळ तयारच होत नाही. रंग नाही म्हणजे उन्हाला आडोसा नाही. आई-बाप दोघंही दिसायला चांगले, पण दोघांकडं तोच दोष लपलेला असला, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारातला एक धोका. आणि नात्यात लग्न केलं की दोघांकडं तोच दोष असायची शक्यता वाढते.

मग त्यांनी तात्यांना आत बोलावलं, कान बघितला, तुकडा काढून तपासायला पाठवला.

कॅन्सर निघाला.

*

त्याच वर्षी वर्गात मी फळ्यावर चार चौकोन काढून वाटाण्याच्या झाडांत लपलेला गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो ते समजावत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "टीचर, असं असेल तर लोक घरातल्या घरात लग्न का करतात?"

मी म्हणाले, "पुढचा प्रश्न."

*

तात्यांचा कान काढला. चष्मा एका कानावर राहीना, म्हणून कान नसलेल्या बाजूला नाडी लावून त्यांनी तो डोक्यामागं बांधला. डोक्याला कायम टॉवेल.

आर्वी आता पाच वर्षांची आहे. टोपी घालायला सांगितली की ती भिरकावते. लोशनची बाटली घेऊन मी मागं आणि ती पुढं, असं आमचं रोजचं चालतं. गावी गेलो तेव्हा टॉवेल सरकला आणि तिनं बघितलं.

"तात्याआजोबा, कान कुठाय?"

"उन्हानं खाल्ला."

"परत देईल?"

"न्हाय गं बाय."

पोरगी उठली, आत गेली आणि टोपी घालून आली. तेव्हापासून टोपीसाठी मला ओरडावं लागलेलं नाही.

दिवाळीपासून तात्यांच्या मानेला गाठ आलीय. तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

*

आमच्या घरात बघायचा कार्यक्रम असला की तात्यांना मागच्या तंबाखूच्या खोलीत पाठवायची पद्धत आहे. पाहुण्यांना शंका नको. माझ्या वेळी तर त्यांना गाडीतच घेतलं नव्हतं. बघायला येणारे कोण? त्यांचे सख्खे भाऊ. दाखवणारी कोण? त्यांची सख्खी बहीण! लपवायचं कुणापासून, हे तेव्हा मीसुद्धा विचारलं नाही.

गेल्या महिन्यात गावी पुन्हा तोच बेत. संतोषची बहीण पूनम, माझ्या भावाला, रोहितला द्यायची. "बाहीरची पोरगी कशाला धुंडायची?" असं मामांचं म्हणणं, आणि आईलाही ते पटलेलं.

मी रात्रभर जागून एका कागदावर चार चौकोन काढले. या वेळी वाटाण्याचे नाहीत, आमच्या घराचे. सगळ्यांसमोर ठेवायचं ठरवलं आणि कागद घडी करून पर्समध्ये घातला.

आई-बाबा आले, रोहित आला. जाजमावर सगळे बसले. पूनमनं पोहे आणले. मामांनी सुपारी हातात घेतली. "मग, फोडायची न्हवं?"

माझा हात पर्समध्ये. आणि माझ्या लक्षात आलं, आर्वी दिसत नाही.

"मामी, आर्वी कुठाय?"

मामी माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "मागं हाय गं, तात्याबरोबर. पावणं जाईस्तवर."

पावणं म्हणजे माझे आई-बाबा! तिचे आजी-आजोबा!

कागद काही बाहेर आला नाही. मी नुसती उठून उभी राहिले.

तेवढ्यात मधल्या दारातनं तात्या आले. बोटाला आर्वी. तंबाखूच्या धुळीनं दोघंही शिंकत होती. ते सरळ चालत आले, आई आणि मामांच्या मधोमध बसले, आर्वीला मांडीवर घेतलं. डोक्याचा टॉवेल सोडला, नीट घडी करून गुडघ्यावर ठेवला.

सुपारी मामांच्या हातातच.

"पूनम बाय," तात्या म्हणाले, "दोन बशा हिकडं बी आण." मग सगळ्यांकडं मिचमिचत बघून म्हणाले, "बगायचा कार्यक्रम हाय न्हवं? मग बगा की."