मासा अजून पाण्यात हाये

आमच्या साडूंइतका जिवंत माशांचा कैवारी आणि जिवंत माणसांचा वैरी अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. रिठदजवळच्या तलावावर गळ टाकून बसणारे पुष्कळ. पण धरलेला मासा घरी जाईपर्यंत जिवंत राहावा म्हणून स्वतः जाळी विणणारे हे एकटेच. सायकलच्या जुन्या रिंगा आणि त्यांभोवती नायलॉनची वीण, असा तो लांबलचक पिंजरा तोंड बांधून ते काठच्या पाण्यात बुडवून ठेवत. ऊन सरकलं की जाळीही सावलीत सरकवत. कुणी मोठ्याने बोललं तर "हळू बोला, ते घाबरून राह्यले," असं दटावत. घरी बायकोचं डोकं दुखत असताना त्यांनी टीव्हीचा आवाज कधी कमी केल्याचं मला आठवत नाही. मेलेल्या माशाशी तर त्यांचं हाडवैर. मालेगावच्या बाजारात बर्फातला मासा उलटापालटा करून त्यांनी विकणाऱ्याला विचारलं होतं, "याची तेरवी झाली का?" तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर बाजारात जात नाही.

यंदा तलाव नव्या ठेकेदाराने घेतला आणि गळ टाकायला बंदी आली. साडूंना बंदी म्हणजे आमंत्रणच. त्यातून त्यांची मुलगी पुण्याहून थोडीशी रजा काढून आलेली. "बाबा, मरळ खाल्ल्याबिगर मी जात नाई," म्हणाली. झालं! सकाळीच मला ओढून ते तलावावर हजर. दुपारपर्यंत जाळीत मरळी खेळू लागल्या, आणि ठेकेदाराचा राखणदार समोर उभा राहिला.

"काका, मासे धरले तुमी?"

"कोठी धरले? मासा पाण्यात हाये का नाई?"

"हाये."

"पानी तलावाचं हाये का नाई?"

"हाये."

"मंग मासा अजून तलावातच हाये. धरला कोनं?"

राखणदाराने डोकं खाजवलं आणि शांतपणे काठावर बैठक मारली. "बरं. जाळी बाहेर निंगू द्या, मंग पाहू."

आता आली पंचाईत. जाळी पाण्यात तोवर चोरी नाही, आणि रस्साही नाही! साडू गुडघाभर पाण्यात जाळीचं तोंड धरून उभे राहिले ते ऊन कलेपर्यंत. शेवटी राखणदारच विरघळला. "एक मरळ घेऊन जा, काका. पोरगी आली म्हनता."

"घ्या ना, साडभाऊ," मी म्हणालो.

"आपल्या गावच्या तलावात भीक कायले घेऊ?" ते गरजले आणि त्यांनी जाळीची गाठ सोडली. मासे एकेक करून निघून गेले. शेवटची मरळ जागची हलेना, तेव्हा तिला हाताने हळूच बाहेर लोटलं. "पाहून घे रे. एकबी धरला नाई म्या!"

घरी पिठलं-भाकरी झाली. मुलीला वाढताना म्हणाले, "पुढच्या खेपेले ये. तवरोक मोठ्या होतीन." ती हसली आणि आणखी पिठलं मागून घेतलं. मला मात्र त्यांचा मनस्वी राग आला होता.

दुसऱ्या दिवशी रिसोडला तिला बसमध्ये बसवलं. बस हलली तसे ते खिडकीशी चालत राहिले, चालता येईनासं झाल्यावर थांबले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "एक घ्याले पाह्यजे होती का, साडभाऊ?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?