कोरस नव्हे, माझी सासू

आखातात, मुसफ्फाला मुलाकडे येऊन मला तीन वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळात एक गृहस्थ आहेत, तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांना जुन्या कॅसेटींचा नाद. आमच्या रायगडकडच्या एका कॅसेट कंपनीचा इतिहास ते मंडळात पडद्यावर दाखवणार होते. ही कंपनी आगरी-कोळी गाण्यांना ढोलकी, बेंजो लावून नाचायच्या कॅसेटी काढायची. मुलगा त्यांना बोलून गेला, की माझी आई एका कॅसेटीत आहे. झालं, शनिवारी सकाळी ते लॅपटॉप घेऊन दारात.

"आजी, यल्ला, चल लवकर, अंकल आलेत!" नात ओरडली.

त्यांनी गाणं लावलं. ते मला काय नवीन? इथल्या लग्नांतसुद्धा वाजतं. मधे एक बाई ओरडते, "हात चालव गो, हलद सुकली!" आणि सगळे हात वर करून तेच ओरडतात.

गृहस्थ म्हणाले, "काकू, ही ओळ म्हणजे कंपनीच्या मालकांची कमाल! पारंपरिक गाण्यात असं बोलणं घालायचं, किती पुढचा विचार!"

"कसली कमाल? ते मला ओरडणं आहे. माझ्या सासूचं."

ते हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय.

आमच्या आगऱ्यांत लग्नाचे विधी धवलारीण करते. हळद लावण्यापासून एकेक काम होत असताना ती धवला गाते. हात चालेल तितका वेळ गाणं चालतं. माझी सासू सात गावांची धवलारीण होती. कंपनीवाले आले, आवाज घुमू नये म्हणून शाळेच्या खोलीत गोधड्या टांगल्या, सासूला मशीनसमोर बसवलं. मालक हातातल्या घड्याळाकडे बघत उभा.

सासूने चारी बाजूंना पाहिलं. "नवरी कुठं हाय?"

"मावशी, लग्न नाही इथं. नुसतं गाणं म्हणा."

"लग्नाशिवाय धवला म्हणू? येडी हाय का मी?"

शेवटी कुणीतरी नवरी म्हणून मुसळ आणून उभं केलं. त्याला हळद लावायला मला बसवलं. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सासू गायला लागली. मी मशीनचा लाल दिवा बघत राहिले आणि हात थांबला. तिने सूर न सोडता मला झापलं. तीच ती ओळ.

मालक म्हणाला, पुन्हा म्हणा. सासू उठली. "मुसलाचं लगीन एकदाच लागतं." आणि गेली घरी. म्हणून ते ओरडणं कॅसेटीत राहिलं. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच. ढोलकी त्याने मुंबईत जाऊन मागाहून चिकटवली.

कॅसेटीच्या कव्हरवर माशांची टोपली घेतलेली एक गोरी पोरगी. आम्ही भात लावणारी माणसं! खाली मालकाचं नाव दोनदा, आणि बारीक अक्षरात, "कोरस: स्थानिक महिला."

यात माझीही चूक आहे. कंपनीच्या माणसाने शाळेच्या ओट्यावर मला विचारलं होतं, गाणारीचं नाव काय? सासूचं नाव सुनेने घ्यायचं नाही. मी म्हटलं, "त्या आमच्या सासूबाई." तो हसला आणि वही मिटली. ओट्यावर आणखी दहा बायका होत्या. एकीला विचारलं असतं तर जीभ झडली असती का त्याची?

कॅसेट घरी आली तेव्हा सासूने ऐकली. म्हणाली, "मधीमधी ढोल कोण बडवतंय मेला?" मग कव्हर माझ्यापुढे धरलं. तिला अक्षर येत नव्हतं, मी चौथी शिकलेली.

"काय लिवलंय?"

"तुमचं नाव लिहिलंय," मी म्हटलं.

तिने ते कव्हर देवाच्या फळीवर ठेवलं. मरेपर्यंत तिथेच होतं.

मी गृहस्थांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्या इतिहासात तिचं नाव पाहिजे.

"काकू, कव्हरवर नाही ना. पुरावा काय दाखवू?"

"मुसळाला विचारा."

नात फिस्सकन हसली. ते लाजले आणि टाइप करायला बसले. मग मी सासूचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा, तिच्या बापाच्या नावासकट, गावासकट. जीभ अडखळली, पण घेतलं.

"आजी, व्हॉट अ नेम!" नात म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पडद्यावर मालकाचे सहा फोटो, एकात गळ्यात हार. त्याची दूरदृष्टी, त्याचा कान, त्याचं धाडस. मग सासूचं नाव आलं. मोठ्या अक्षरात होतं, बरं वाटलं. त्याच्याखाली लिहिलं होतं, "त्यांच्या सुनेच्या सांगण्यानुसार."

मी उठले. मुलाने पदर ओढला, तो सोडवला.

"मालकाची कमाल कुणाच्या सांगण्यानुसार हो?"

"काकू, प्लीज, नंतर बोलू."

"त्याच्या फोटोखाली का नाही लिहिलं तसं? तो त्या दिवशी घड्याळ बघत उभा होता. एवढंच केलं त्याने."

"काकू, बसा ना. लोक बघतायत."

"बघू देत. आधी ते पुसा."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे खलास कर विषय, पूस ना." मी उभीच. गृहस्थ लॅपटॉपवर वाकले. आधी भलतंच पान आलं, मग परत ते. एकेक अक्षर मागे जात ते तीन शब्द पुसले. नुसतं नाव राहिलं. ते मी एकदा वाचून घेतलं, मग बसले.