काजळीची रेघ

धातूचं काहीही हातात आलं की आधी त्याला नखानं टिचकी मारायची, मान तिरपी करायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, ही मिस्त्रीची खोड. चहाचा पितळी पेला असो, माझ्या सायकलची घंटी असो, नाहीतर कुणाच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा. मध्येच आपण काही बोलायला गेलो की हात वर व्हायचा. "थांबा हो जरा, ती बोलायलीय." चहा गार होऊन जायचा, पण ऐकणं पुरं झाल्याशिवाय घोट नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट आहे. परभणीत स्टेशनच्या वाटेवर त्याचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग आणि बोटांना कायम तेलाचा वास. सगळा जन्म बंदुकांत गेला, पण कधी चिमणीसुद्धा मारली नाही. कुणी चिडवलंच तर म्हणायचा, "आमी कागदाला भोक पाडतो बाबा. कागदाला जीव नसतो."

दुकानाचा परवाना दरसाल नवा करून घ्यावा लागे. त्यावर सही करणारे कोतवालीचे बडे साहेब नवीन आले होते आणि मिस्त्रीचं हे टिचक्या मारणं त्यांना ढोंग वाटायचं. "एका जरी बंदुकीत तुझी कसूर सापडली तर दुकान बंद," असं त्यांनी बजावलं होतं. बंदुकांशिवाय मिस्त्रीला दुसरं काही येत नव्हतं.

मी बोरीकडच्या एका देशमुखांचा मुन्शी. उर्दूत अर्ज लिहिणं हे माझं काम, आणि नेम बरा म्हणून त्यांची रायफल चालवणं हा माझा मान. दसऱ्यानंतरच्या एकादशीला परभणीबाहेरच्या चांदमारीवर नेमबाजी व्हायची. कागदावर पाच गोळ्या मारायच्या. ज्याची भोकं एकमेकांच्या सगळ्यांत जवळ, तो जिंकला. त्या वर्षी देशमुखांची बावीस बोअरची छोटी रायफल भोकं तळहातभर पांगवायला लागली, म्हणून मी ती मिस्त्रीकडे नेली.

त्यानं टिचकी मारली, ऐकलं. "नळी सरळ हाय. पण लय थरथरायलीय. तोंड हलायलंय तवर गोळी भायेर पडायलीय."

त्यावर त्याचा इलाज म्हणजे पितळेचं एक जाड कडं. नळीच्या तोंडाजवळ ते बसवलं की वजनानं थरथर ताब्यात येते. पण नेमकं कुठं बसवायचं, हीच तर मेख! आठ दिवस आम्ही एका मातीच्या बांधासमोर काढले. मी पाच गोळ्या मारायच्या, त्यानं कागद आणायचा, कडं अर्धं सूत सरकवायचं, टिचकी मारून ऐकायचं, की पुन्हा पाच गोळ्या. कधी भोकं जवळ यायची, कधी आणखीच पांगायची. मी वैतागायचो. "अहो मिस्त्री, कालच्या जागी चांगलं होतं की!"

"चांगलं व्हतं. खरं न्हवतं."

आठव्या दिवशी पाचही भोकं त्याच्या अंगठ्याखाली झाकली गेली. त्यानं अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला आणि लहान पोरासारखा हसला. मग कड्याचा बारीक पेच आवळून त्याच्या कडेनं नळीवर काजळीची रेघ ओढली. कानशीनं खूण का करत नाही, असं विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्याच्या लेकीला डाग द्यायचा नसतो." देशमुखांनी त्याच दिवशी वाड्यात सगळ्यांना ताकीद दिली: रायफलीला कुणी हात लावला तर त्याची नोकरी गेली.

आणि हात लावला तो मीच.

खंडेनवमीला शस्त्रं पूजेला मांडायचं काम माझ्याकडे. तलवारी, भाला, जंबिया सगळं लखलखीत, आणि रायफलीवर ते कडं धुरानं काळंकुट्ट. देवापुढं असं पितळ कोण ठेवतं? मी पेच सोडला, कडं काढलं आणि चिंच-राखेनं घासलं. नळी तेलाच्या फडक्यानं पुसली. कडं सोन्यासारखं दिसायला लागलं. बसवायला गेलो तर काजळीची रेघ नळीवर नव्हती. फडक्यावर आली होती. अंदाजानं कडं बसवलं, पेच आवळला आणि वर हळदकुंकू वाहिलं. सूतभर इकडंतिकडं झालं तर काय एवढं, असं दोन दिवस मनाला समजावत राहिलो.

एकादशीला चांदमारीवर साहेबांनी कडं पाहिलं. "बंदूक को कंगन? शादी है क्या इसकी?" सगळे खो खो हसले. नेम जोखायला तीन गोळ्या मिळायच्या. माझ्या तीन गोळ्या तीन दिशांना गेल्या. देशमुख लालबुंद झाले. "मिस्त्री, हे काय?"

मिस्त्री पुढं आला. चकचकीत कडं पाहिलं, रेघ शोधली. कड्याच्या सांदीतलं कुंकू त्याच्या बोटाला लागलं. त्यानं बोटाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्या वेळी मी दोन शब्द बोललो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. मी नाही बोललो.

त्यानं बोट धोतराला पुसलं. "सरकार, माझ्याकडनं पेच ढिला ऱ्हायला. कडं सरकलंय. कसूर माझी हाय. जरा दम धरा."

आता आणखी गोळ्या मिळणार नव्हत्या. नुसत्या कानावर काम. त्यानं पेच सैल केला, कडं सरकवलं, टिचकी मारली, कान लावला. मैदान चिडीचूप. पुन्हा सरकवलं. कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. त्यानं आणखी एक टिचकी मारली, मान हलवली, पुन्हा केसभर मागं घेतलं. शेवटी डोळे उघडले आणि पेच आवळला. "मारा मुन्शीजी. हात कापू देऊ नका."

पहिल्या गोळीचं भोक दिसलं. पुढच्या चारांची काही दिसेनात. कागदाबाहेर गेल्या, मेलो आता, असं वाटलं. शिपायानं कागद आणला. एकच भोक होतं, कडा फाटलेलं. देशमुखांनी अंगठा ठेवला आणि ते सबंध झाकलं गेलं. लोकांनी मला उचलून घेतलं, जरीचा फेटा बांधला. गर्दीत मिस्त्री मला कुठं दिसला नाही.

महिन्याभरानं तो माझ्याकडं आला. हातात सरकारी कागद. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं. "काय म्हनायलेत बघा बरं."

मी वाचलं. चांदमारीवर स्वतःची कसूर स्वतःच्या तोंडानं कबूल केली, सबब परवाना नामंजूर. "मिस्त्री, मी आत्ता जातो आणि साहेबांना खरं सांगतो."

"आता सांगून मी लबाड ठरन आन् तुमी बेकार व्हताल. दोघांनी कशाला बुडायचं? तुमी पूजेसाठीच घासलं नव्हं? मग ऱ्हाऊ द्या."

आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

दुकान बंद करून तो वालूरला गेला, सासुरवाडीच्या गावी. तिथं घागरी, कंदील नीट करून द्यायला लागला. मी एकदाच गेलो. दारात सायकल लावली, त्यानं "या मुन्शीजी" म्हटलं, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला बसला. समोर पितळेची एवढी भांडी, पण एकालाही टिचकी नाही. मला राहवेना. मी उठून मुद्दाम सायकलची घंटी वाजवली.

"मिस्त्री, ती बोलायलीय."

"बोलू द्या," तो म्हणाला, आणि मान खाली घालून फुटक्या घागरीला डाग देत राहिला.