सुचेता पेजेचं कोकम सरबत

सुचेता पेजे गिरगावची खोली सोडून मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आली ती एक्याण्णव साली, आणि आल्या आल्या तिने अख्खी बिल्डिंग कोकम सरबताने जिंकली. माहेर रत्नागिरीचं. पहिल्या तोडीचे रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, भावाकडून यायचे. ते फोडून साखरेत घालायचे, बरण्या गच्चीवर उन्हात ठेवायच्या आणि सुटलेला लालभडक पाक बाटल्यांत भरायचा. हंगाम सरेपर्यंत आजूबाजूच्या बायका बाटल्या विकत न्यायच्या.

पुढच्या वर्षी नवऱ्याला, शशिकांतला, मधुमेह निघाला. शेजारची हंसाबेनही म्हणाली, "सुचेता, थोडा मीठा कम कर ना." झालं! सुचेताने साखर सरळ निम्मी केली. आता पाक टिकत होता तो त्या दाट साखरेमुळेच, हे तिला कोण सांगणार?

अक्षय तृतीयेला तिने चैत्रातलं हळदीकुंकू केलं. सरबत ग्लासात ओतलं तर वर बारीक बुडबुडे. ती म्हणाली, "थम्सअपसारखं झालंय बघा." बायका खूश. दुसरा ग्लास, तिसरा ग्लास. थोड्या वेळाने बिल्डिंगमधली, कधीही मोठ्याने न बोलणारी ममता कुलकर्णी सासूची नक्कल करायला लागली. सासू समोरच बसलेली! पण तीही टाळ्या देत होती. हंसाबेनने पदर खोचून गरब्याचा फेर धरला. तेवढ्यात स्वयंपाकघरात फट्ट! बाटलीचं बूच उडून घड्याळावर आपटलं. मग दुसरं. शशिकांत ऑफिसमधून आला तेव्हा दारात सोळा जोडी चपला आणि आत हा धिंगाणा.

त्याने एक घोट घेतला. "अगं, ही दारू झालीये!"

"हळू बोला," सुचेता त्याला आत ओढत कुजबुजली, "कुणाला कळलेलं नाहीये."

तिला हसू आवरेना, आणि घामही फुटला. कारण भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या एका लग्नाची ऑर्डर तिने आधीच घेऊन ठेवली होती.

धाकटा दीर पराग भाईंदरला एका जॅमच्या कारखान्यात होता. त्याला बोलावलं. तो केबिन रोडवरच्या एसेन्सच्या दुकानातून एक पुडी घेऊन आला. आत शेवयांच्या चुऱ्यासारखे पांढरे दाणे.

"वहिनी, हे पोटॅशियम सॉर्बेट. सॉर्बिक ॲसिडचा क्षार. ते ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, हा क्षार लगेच विरघळतो. आंबट पदार्थात यीस्टला आणि बुरशीला वाढू देत नाही."

सुचेताने पुढचं ऐकलंच नाही. फसफसणाऱ्या बाटल्यांत तिने चमचाभर चमचाभर घातलं. सकाळी आणखी दोन बुचं गेली, आणि उरलेल्या सरबताला औषधासारखी चव.

पराग पोट धरून हसला. "अहो, ते यीस्टला वाढू देत नाही म्हटलं, मारतं कुठे म्हटलं? ह्यांची तर वस्ती झालीये आत! आणि चमचा नाही, चिमूट. नियमात बसेल तेवढंच."

ते सगळं सरबत मोरीत गेलं. ओतताना सुचेताला रडू यायचं बाकी होतं. मग भावाकडून नवे रातांबे आले. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या. परागने छोट्या काट्यावर दाणे तोलून दिले. ते कोमट पाण्यात विरघळवून तिने ताज्या पाकात घातले. रोज सकाळी उठून ती बाटल्यांना कान लावायची. आवाज नाही. मोरव्याच्या लग्नात वऱ्हाड सरबत प्यायलं आणि शहाण्यासारखं जेवायला बसलं. नवऱ्या मुलाच्या आईने जाताना विचारलं, "आनखी हाय का गं बाय?"

त्या यशाने सुचेता अशी चढली की विचारू नका. लिंबू, कैरी, जांभूळ, सगळ्यात चिमूट. आणि एका रविवारी पावभाजीसाठी घरीच पाव करताना, ते चार दिवस टिकावेत म्हणून तिने कणकेतही ती चिमूट टाकली. यीस्ट बिचारं निपचित. दुपारपर्यंत कणीक जागची हलली नाही, आणि ओव्हनमधून निघाले ते दगड.

हंसाबेनने एक उचलून टेबलावर ठोकून बघितला. "सुचेता, आ तो चार साल चालेगा!"

शशिकांत पिशवी घेऊन पाव आणायला खाली उतरला.